प्रिन्स ऑफ पर्शिया: वजन असलेला राजपुत्र

प्रश्न असा आहे: तुमचा सर्वांत आवडता व्हिडिओ गेम कोणता, आणि इतके गेम असताना तोच वेगळा का वाटतो? माझं उत्तर आहे 1989 सालचा प्रिन्स ऑफ पर्शिया. पुढे त्या नावाने बरेच गेम निघाले, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. बाजूने दिसणारा, तळघरात पडलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या तरुणाचा तो पहिला गेम.

मी पुण्यात गेम डिझाइनचं काम करते. पात्रं हलतात कशी आणि त्या हालचाली खेळणाऱ्याच्या बोटांना कशा जाणवतात, हा माझ्या कामाचा मुख्य भाग. सर्वांत जास्त वेळ कुठल्या गेमवर घालवलास असं कुणी विचारलं तर मी वेगळं नाव सांगेन. आवडता गेम ठरवताना मात्र मी एक गोष्ट बघते: या गेमचा मूळ निर्णय कोणता, आणि बाकीचं सगळं त्यातून उगवलंय का? बहुतेक गेममध्ये लढाई, कोडी, गोष्ट, चित्रं, संगीत शेजारीशेजारी मांडलेली असतात. एखादी काढून टाकली तरी बाकीच्यांना फारसा धक्का बसत नाही. टेट्रिस या कसोटीला पूर्ण उतरतो. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवने तो लिहिला तेव्हा चार चौकोनांच्या सात आकारांतून अख्खा खेळ उभा राहिला. पण टेट्रिसमध्ये माणूस नाही आणि मला माणसाचं शरीर बघायला आवडतं. प्रिन्सचा मूळ निर्णय त्या शरीराबद्दलच आहे: पडद्यावरचा माणूस खऱ्या माणसासारखा हलला पाहिजे.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. सुलतान लढाईवर गेलाय. वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे आणि शहजादीला सांगितलंय, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. विचार करायला एक तास. तिचा ज्याच्यावर जीव आहे तो परदेशी तरुण राजवाड्याखालच्या कोठडीत टाकलाय. तुम्ही तो तरुण. 60 मिनिटांत तळघरातून मनोऱ्यापर्यंत पोहोचायचं.

गेम बनवणारा जॉर्डन मेकनर तेव्हा नुकताच येल विद्यापीठातून बाहेर पडला होता. शिकत असतानाच त्याने कराटेका नावाचा गेम लिहिला होता आणि ब्रॉडरबंड कंपनीने तो 1984 मध्ये बाजारात आणला होता. त्यातल्या हालचाली त्याने आपल्या कराटे शिक्षकाच्या चित्रीकरणावरून उतरवल्या होत्या. नव्या गेमसाठी त्याला याच वाटेने आणखी पुढे जायचं होतं. 1985 मध्ये त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले, न्यूयॉर्कजवळच्या चॅपाक्वा गावातल्या एका पार्किंगच्या जागेत नेलं आणि त्याचं धावणं, वळणं, उड्या मारणं, चढणं सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं.

यापुढचं काम आज ऐकताना अंगावर येतं. टीव्हीवर टेप लावून चित्र थांबवायचं आणि पडद्याचा फोटो साध्या कॅमेऱ्याने काढायचा. दोन फ्रेम सोडून तिसरी, पुन्हा दोन सोडून तिसरी. रोल धुऊन घ्यायचा. आलेले फोटो क्रमाने चिकटवायचे, काळ्या मार्करने आणि पांढऱ्या खोडशाईने माणसाची आकृती पार्श्वभूमीतून वेगळी काढायची, त्याची झेरॉक्स करायची. मग त्या सावलीसारख्या आकृत्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या आणि शेवटी एकेक ठिपका हाताने साफ करायचा. या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशरने ते 1910 च्या दशकात व्यंगचित्रपटांसाठी शोधलं होतं, म्हणजे मेकनरच्या वेळी ते चांगलं जुनं झालेलं होतं. नवीन होती ती जागा: ॲपल टू सारख्या घरगुती कॉम्प्युटरवर, सेकंदाला जेमतेम दहा लाख ठोके देणाऱ्या प्रोसेसरवर, बोटाभर उंचीचा माणूस इतका खरा धावताना कुणी पाहिला नव्हता.

त्या आकृतीकडे आजही नीट बघा. चेहरा जवळजवळ नाही. कपड्यांना घड्या नाहीत. तरी धावायला लागण्यापूर्वी ती पुढे झुकते. थांबताना टाचा रोवून घसरते. उडी मारून उतरल्यावर गुडघ्यांत वाकते आणि मग सरळ होते. कडा पकडून लोंबकळताना पाय झुलतात. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते की वजन दाखवायचं असेल तर हालचालीच्या आधीची आणि नंतरची चित्रं जपा. मधली चित्रं कमी पडली तरी चालतं. डेव्हिडच्या शरीराने हे काम आपोआप करून ठेवलं होतं, कारण तो खरोखरच जमिनीवर आदळत होता.

इथपर्यंत हा फक्त चित्रांचा पराक्रम झाला. सुंदर चित्रं असलेले गेम पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच मी विसरूनही गेले आहे. प्रिन्स वेगळा ठरतो तो पुढच्या पायरीवर. मेकनरने ही हालचाल खरी मानली आणि खेळाडूलाही ती खरी मानायला लावली.

1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. मारिओ स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वर उडतो. हवेत असताना तुम्ही त्याला मागे-पुढे वळवू शकता, बटण लवकर सोडलं तर उडी तोकडी होते. शेवटच्या क्षणापर्यंत सगळं तुमच्या हातात असतं. मारिओची ही मोकळीक मला फार आवडते, तिच्यावर अख्खी परंपरा उभी राहिली आहे. प्रिन्समध्ये ती अजिबात नाही. उडीचं बटण दाबलंत की शरीर आधी तयारी करतं, मग झेपावतं, आणि एकदा जमीन सुटली की तुम्ही फक्त प्रेक्षक. उडी चुकली आहे हे तुम्हाला हवेतच कळतं, पण काही करता येत नाही. फार तर समोरचा कडा हाताला लागेल या आशेवर शिफ्ट दाबून धरता येतं. धावत उडी मारायची असेल तर काठ येण्याच्या आधीच बटण दाबावं लागतं. धावत्या एसटीतून उतरणारा माणूस पाय कुठे पडणार हे दांडा सोडण्यापूर्वी ठरवतो, तसं.

म्हणजे गेम तुमच्याकडून बोटांच्या चपळाईच्या आधी अंदाज मागतो. दरी किती रुंद आहे? इथून धाव घ्यायला जागा पुरेल का? खाली किती मजले आहेत? आणि असा अंदाज मागायचा तर जग मोजता येण्यासारखं हवं. म्हणून प्रत्येक पडदा 10 फरश्या रुंद आणि 3 मजले उंच आहे, शेवटपर्यंत, अपवाद न करता. एक मजला पडलात तर काही होत नाही. दोन मजले पडलात तर आयुष्याचा एक लाल त्रिकोण जातो. तीन मजले पडलात की मेलात. हा नियम कुठेही लिहून दाखवलेला नाही, पण अर्ध्या तासात तो खेळणाऱ्याच्या अंगात मुरतो आणि मग काठावर उभं राहून खाली बघताना पोटात खड्डा पडतो. लांबून घेतलेलं दृश्य, बोटाभर आकृती, आणि तरी उंचीची भीती वाटते. पुढे आलेल्या त्रिमितीय गेममध्येही इतकी खरी भीती मला क्वचित सापडली.

माझा सर्वांत लाडका बारकावा शिफ्टच्या पावलाचा आहे. शिफ्ट धरून बाण दाबला तर राजपुत्र जपून एकच पाऊल टाकतो. तो काठाशी पोहोचलेला असताना पुन्हा तेच केलंत तर तो पाय पुढे काढतो, खाली जमीन नाही हे चाचपतो आणि पाय मागे घेतो. पडत नाही. एकदा इशारा देतो. तुम्ही हट्टाने परत दाबलंत तरच खाली जातो. मेमरीचा कण न कण वाचवणाऱ्या माणसाने या एका चाचपण्यासाठी वेगळी चित्रं खर्च केली आहेत. खेळाडूला धोक्याची सूचना द्यायचे शंभर मार्ग असतात, लाल दिवा लावा, घंटा वाजवा, अक्षरं झळकवा. इथे सूचना शरीराकडूनच येते. खिळ्यांचंही तसंच. धावत गेलात तर ते आरपार जातात. शिफ्टने एकेक पाऊल टाकलंत तर त्यांच्यामधून निवांत चालत जाता येतं. जपून चालणं हीच तिथली किल्ली, आणि ती पहिल्या मिनिटापासून तुमच्याजवळ असते.

पहिली लेव्हल कशी रचली आहे तेही बघण्यासारखं आहे. राजपुत्र खाली पडतो, मागे दार बंद होतं, आणि कुणी काही शिकवत नाही. जवळच एक सैनिक तलवार घेऊन उभा आहे आणि तुमच्या हातात काही नाही. समोर गेलात तर एका घावात खेळ संपतो. तेव्हा तुम्ही वळता, दुसऱ्या बाजूने उतरता, पायाखालची एखादी फरशी थरथरते आणि कोसळते. कुठल्या फरश्या सैल आहेत हे उडी मारून आजमावता येतं हे कळतं. दाबाची फरशी दार उघडते आणि थोड्या वेळाने ते दार पुन्हा घसरत खाली येतं हे कळतं. खिळे भेटतात, कडे पकडावे लागतात. शेवटी तलवार सापडते, आणि तुम्ही त्याच सैनिकाकडे परत येता. पुढच्या सगळ्या गेमचं व्याकरण एवढ्यात होऊन जातं. नव्या डिझायनरना लेव्हलची रचना समजावताना मी हीच लेव्हल कागदावर काढायला लावते.

आता घड्याळ. 60 मिनिटं, खरीखुरी, भिंतीवरच्या घड्याळाची. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत. पुष्कळ जण या अटीला वैतागतात. मला वाटतं, ती नसती तर शरीराच्या खरेपणाला अर्थच उरला नसता. वेळ अमर्याद असता तर तुम्ही सगळीकडे शिफ्ट धरून चाललात असतात. वेळ आहे म्हणून धावावं लागतं, शरीर आहे म्हणून धावणं धोक्याचं, आणि या दोन गोष्टींच्या ओढाताणीत अख्खा गेम घडतो. शिवाय कथेतला तास आणि तुमचा तास एकच आहे. मधून मधून शहजादीच्या खोलीतलं वाळूचं घड्याळ दिसतं आणि ते तुमचंच आहे हे तुम्हाला माहीत असतं.

गेममध्ये पुढे भेटणाऱ्या सावलीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण माझ्या व्यवसायात मर्यादेतून जन्मलेल्या कल्पनेचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मेकनरचा गेम बराच काळ लढाईशिवायच चालला होता. फक्त सापळे, दारं आणि पळणं. ब्रॉडरबंडमधली त्याची सहकारी आणि मैत्रीण टोमी पियर्स त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती की यात लढाई हवी. त्याची अडचण खरी होती. नायकाच्या हालचालींच्या चित्रांनीच मेमरी भरून गेली होती. शत्रूसाठी दुसऱ्या माणसाची तितकीच चित्रं ठेवायला जागा नव्हती. मग उत्तर सापडलं ते असं: शत्रूसाठी नायकाचीच चित्रं वापरायची. प्रत्येक चित्र स्वतःवरच एक ठिपका सरकवून असं छापायचं की जुळणारे ठिपके एकमेकांना खोडतात आणि उरते ती चमचमती, पोकळ बाह्यरेषा. मेमरी जवळजवळ लागत नाही आणि पडद्यावर एक भूत उभं राहतं, अगदी तुमच्यासारखं धावणारं.

इथे थांबला असता तर ती एक हुशार युक्ती झाली असती. मेकनरने तिला कथेत मुरवलं. चौथ्या लेव्हलच्या शेवटी बाहेर पडायच्या वाटेवर अचानक आरसा उभा राहतो. दुसरी वाट नाही. धावत उडी मारून आरशातून पलीकडे जावं लागतं. तुम्ही जाता आणि त्याच क्षणी तुमच्यातून एक सावली उलट्या दिशेने उडी मारून निघून जाते. तुमची शक्ती एका त्रिकोणावर येते. पाचव्या लेव्हलमध्ये तुम्हाला हवी असलेली औषधाची बाटली ती सावली तुमच्यादेखत पिऊन टाकते. सहाव्यात तुम्ही दरी ओलांडून पलीकडच्या कड्याशी पोहोचता, तेवढ्यात ती पाऊल टाकून दार बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. राग येतो. हिला मारायचंच असं मनात पक्कं होतं.

बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार काढून समोर येते. तुम्ही वार करता आणि स्वतःचाच त्रिकोण गमावता. पुन्हा वार, पुन्हा तेच. तिला मारलंत तर तुम्हीही मरता. सुटकेचा मार्ग असा की तलवार म्यान करायची. तीही म्यान करते. मग सरळ तिच्या दिशेने चालत जायचं, आणि दोघं एक होता. त्यानंतर समोर दरी आहे, पलीकडे काही दिसत नाही, तरी पुढे गेलात तर पायाखाली फरश्या उमटत जातात.

एकही शब्द न वापरता हे सगळं घडतं, आणि अगोदरच्या अकरा लेव्हलमध्ये शिकलेल्याच बटणांनी घडतं. आरशातून मारलेली उडी ही तुमची नेहमीचीच धावती उडी. म्यान करणं हे राजपुत्र लढाईनंतर नेहमी करत होता तेच. खेळाडूने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या निर्णयाने तलवार खाली ठेवावी आणि त्यातून कथेचा अर्थ लागावा, हे चित्रपट दाखवू शकतो पण प्रेक्षकाकडून करवून घेऊ शकत नाही. नायकाची हालचाल इतकी बारकाईने केली म्हणून मेमरी संपली, मेमरी संपली म्हणून सावली आली, आणि सावली आली म्हणून त्या बाहुल्याला अंतरंग मिळालं. माझ्या कसोटीचं हेच उत्तर आहे.

पुढे मेकनरने आणखी जागा काढून सैनिकही आणले. तलवारबाजीसाठी त्याने 1938 च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या शेवटच्या द्वंद्वाकडे पाहिलं; त्यात काही सेकंद दोघंही कॅमेऱ्याला पूर्ण आडवे दिसतात, आणि बाजूने दिसणाऱ्या गेमला तेवढंच हवं होतं. लढाई साधी आहे: पुढे, मागे, वार, अडवणं. मजा तिच्या लयीत आहे. चांगला सैनिक भेटला की वार-अडवण-वार-अडवण असा ठेका धरला जातो आणि कोण आधी चुकतो ते बघायचं. तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा मात्र तलवारीने मरतच नाही, त्याला रेटत काठावरून खाली पाडावं लागतं. म्हणजे तिथेही पुन्हा उंची आणि पडणं. संगीत मेकनरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. ते मोजक्याच ठिकाणी वाजतं, बाकी वेळ पावलांचा आवाज, दारांची घरघर आणि पात्यांचा खणखणाट. ही शांतता योग्यच होती.

आपल्याकडे हा गेम पोहोचला तो 1990 मध्ये आलेल्या डॉस आवृत्तीतून, म्हणजे तेव्हाच्या पीसीवरच्या आवृत्तीतून. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत, तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हा प्रिन्स आणि डेंजरस डेव्ह हे दोन गेम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरले, आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी माउसला हात लावण्याआधी राजपुत्राला उडी मारायला शिकवलं. अनेक ठिकाणी मॉनिटरला रंगही नव्हते. तरी गेमचं काही बिघडलं नाही. आकृत्या मुळात काळ्या-पांढऱ्या सावल्यांवरून उतरवलेल्या होत्या, त्यामुळे रंग काढून घेतले तरी हालचाल तितकीच स्पष्ट वाचता येते. गेम सुरू करताना प्रिन्स या शब्दापुढे मेगाहिट असं टाइप केलं की फसवणुकीच्या कळा चालू होतात, हे ज्ञान तोंडी पसरलं होतं. पहिल्या लेव्हलनंतर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली यायची. गेमसोबतच्या पुस्तिकेतलं अमुक पानावरचं अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची, चुकीची प्यायलात तर विष. पुस्तिका कुणाकडेच नसे. तरी पोरं तिथून पुढे जायची, अंदाजाने, चिकाटीने.

दोषही सांगते, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. गेममधला इराण हा पाश्चात्त्य कल्पनेतला अरबी सुरस कथांचा इराण आहे: दुष्ट वजीर, कोंडलेली शहजादी, घुमट आणि कट्यारी. खऱ्या इराणचा इतिहास, भाषा, माणसं यांचा तिथे मागमूस नाही. शहजादीला स्वतःचं काहीच करायला दिलेलं नाही. आठव्या लेव्हलमध्ये ती एक उंदीर पाठवते आणि तो तुमच्यासाठी दार उघडतो, तेवढाच तिचा सहभाग, आणि तो क्षण इतका गोड आहे की तिला आणखी वाव द्यायला हवा होता असं दर वेळी वाटतं. दुसरं म्हणजे काही सापळे आधी मेल्याशिवाय कळूच शकत नाहीत. शरीराचा अंदाज घ्यायला शिकवणाऱ्या गेमने जिथे अंदाजच चालत नाही अशी जागा ठेवू नये. आणि शेवटची जाफरशी होणारी झुंज सावलीच्या प्रसंगानंतर फिकी पडते. खरा शेवट एक लेव्हल आधीच होऊन गेलेला असतो.

ॲपल टू वर हा गेम 1989 च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा त्या यंत्राचे दिवस भरत आले होते आणि सुरुवातीची विक्री निराशाजनक होती. नंतर दुसऱ्या यंत्रांवरच्या आवृत्त्यांनी, युरोप आणि जपानमधल्या खेळाडूंनी त्याला वर काढलं. त्याची पुढची पिढी मोजायला बसलं तर यादी लांबेल. फ्रान्समधून आलेले 1991 चा अनदर वर्ल्ड आणि 1992 चा फ्लॅशबॅक त्याच्याच वळणाचे. 1996 च्या टूम रेडरमधली नायिका लारा चौकोनांच्या जगात मोजून उड्या मारते आणि जपून चालण्याची कळ धरली की काठावरून पडत नाही. ती मला नेहमीच राजपुत्राची त्रिमितीय बहीण वाटते. जपानच्या फुमितो उएदाने 2001 चा इको बनवताना प्रिन्सचा प्रभाव मान्य केला आहे, आणि त्यातल्या मुलाचं अडखळत, झोकांड्या खात पळणं पाहिलं की ते पटतं. 2003 मध्ये प्रिन्सच्याच मालिकेत आलेल्या सँड्स ऑफ टाइममध्ये मेकनर स्वतः लेखक म्हणून होता. तिथे वेळ मागे फिरवता येते, म्हणजे न परतणाऱ्या मिनिटांचा जुना नियम मुद्दाम उलटा केलाय. ॲसॅसिन्स क्रीड या गेमचा जन्मही प्रिन्सचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेल्या कामातूनच झाला. 2020 मध्ये सँड्स ऑफ टाइम नव्याने बनवण्याचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याची घोषणा झाली, तेव्हा इथल्या आमच्या छोट्याशा व्यवसायात केवढा आनंद झाला होता! 2022 मध्ये ते काम माँट्रियलकडे गेलं. डॉसवर राजपुत्राला उड्या मारायला शिकवणारी पिढीच त्या राजपुत्राचे सांधे बसवायला बसली होती, हे मला अजूनही महत्त्वाचं वाटतं.

2012 मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि त्यांत मूळ ॲपल टू आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, निघाला. जाणकारांच्या मदतीने तो वाचवून मेकनरने सर्वांसाठी खुला केला. ॲपल टू च्या 6502 प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत लिहिलेला तो कोड ज्यांना वाचता येत असेल त्यांनी हालचालींच्या तक्त्यांचा भाग जरूर बघावा. प्रत्येक हालचाल म्हणजे चित्रांची यादी, आणि चित्रांच्या मधे बारीक सूचना: इथे इतके ठिपके पुढे सरक, इथे पावलाचा आवाज कर, इथून पुढे दुसरी हालचाल घ्यायला मोकळा. वजन कुठून येतं याचं उत्तर त्या याद्यांमध्ये उघडं दिसतं. आज आम्ही मोठमोठ्या साधनांमध्ये जी हालचालींची जाळी विणतो तिचा सांगाडा हाच आहे.

आज खेळायचा असेल तर डॉसबॉक्स या जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये जुनी आवृत्ती चालते, किंवा चाहत्यांनी डॉस आवृत्तीवरून नव्याने लिहिलेला एसडीएलपॉप आहे, तो आताच्या कॉम्प्युटरवर सरळ चालतो. माझी एक विनंती: कीबोर्डवरच खेळा, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं घड्याळाकडे दुर्लक्ष करा. पहिल्या लेव्हलमध्ये कुठल्याही काठाशी जा, शिफ्ट धरून एकेक पाऊल टाका, तो पाय पुढे काढून मागे घेतो ते बघा. मग थोडं मागे येऊन धाव घ्या आणि उडी कुठे दाबायची ते दोन-चार वेळा पडून शिका. ते अंतर एकदा बोटांत बसलं की तलवार शोधायला निघा.